पिंजऱ्याजवळ चिमणी नको

मे महिन्यात बालाघाटाच्या डोंगरावर दुपारी ढग जमायला लागले की चौसाळ्यात हवामान खात्याला विचारायची गरज पडत नाही. आधी वावटळ येते, मग लाइट जाते, मग पाऊस येतो. कधी कधी पाऊस येतच नाही, लाइट मात्र ठरल्याप्रमाणे जाते. कुठे तार तुटलेली असते, कुठे डीपी जळालेली. वायरमनचा फोन लागेपर्यंत अंधार पडतो आणि घराघरात काडेपेटीची शोधाशोध सुरू होते. ज्या जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्या जिल्ह्याची ही गत. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. असो.

या अंधाराबद्दल अलीकडे बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न अधूनमधून येतो. ताप-खोकल्याचं सांगून झालं की आई हळूच विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरानं लव्हबर्ड आणलेत. लाइट गेली की रात्री पिंजऱ्यात वेड्यासारखे धडपडतात. चिमणी लावून ठेवू का जवळ?’’ मी माणसांचा डॉक्टर आहे, पक्ष्यांचा नाही. तरी या प्रश्नाला माझं उत्तर ठाम असतं. चिमणी नको, मेणबत्ती नको, कासवछाप अगरबत्तीही नको. पक्ष्याला अंधारापेक्षा आपण अंधारावर केलेला उपाय जास्त घातक ठरू शकतो. आणि त्याच खोलीत पोरंही झोपलेली असतात.

आधी पक्षी कोणते, ते सांगतो. आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. त्यांच्याहून थोडा मोठा, डोक्यावर तुरा असलेला तो कॉकॅटियल. आपला हिरवा राघू मात्र या यादीत नाही. तो देशी पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात राघू आहे, असं कुणी सांगितलं तरी कायदा बदलत नाही. त्याच्यासाठी दिव्याचा सल्ला देण्याऐवजी मी वन विभागाकडे जा, असंच सांगेन.

आता रात्रीची धडपड. दिवसा वावरणाऱ्या पक्ष्याचा डोळा उजेडासाठी बनलेला असतो. त्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी भरपूर असतात, पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी कमी. आपल्यालाही लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण निदान नंतर भिंत आणि दार तरी कळतं. पिंजऱ्यातला बजरीगर मिट्ट काळोखात जवळजवळ आंधळा असतो. तो झोपलेला असताना पत्र्यावरून मांजर गेलं, वीज कडाडली, कुणाच्या हातून भांडं पडलं, की तो विचार न करता उडतो. रानात हे शहाणपणाचंच आहे, कारण तिथे उडायला आभाळ असतं. पिंजऱ्यात दांडी, गज आणि पाण्याची वाटी असते. कॉकॅटियल या घाबरण्यासाठी विशेष ओळखला जातो. एकट्याने सुरुवात केली की शेजारचेही उडतात.

यात पंख मोडतो, चोच आपटते. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं. ते पीस तुटलं तर धार लागते. पक्ष्याच्या अंगात रक्त वजनाच्या साधारण दहा टक्के. म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगरमध्ये सगळं मिळून साडेतीन मिलीलीटर, चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी. आपल्याला वर्तमानपत्रावरचे पंधरा-वीस थेंब किरकोळ वाटतात. त्याच्यासाठी ते किरकोळ नसतात. रक्त दिसलं तर थोडं कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापसाने त्या जागी दोन-तीन मिनिटं हलकं दाबून धरावं. छातीवर दाब येऊ देऊ नये, कारण पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. सकाळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, आणि रक्त थांबत नसेल तर सकाळचीही वाट पाहू नये.

तेव्हा उजेड हवा, हे त्या आईचं म्हणणं खरंच आहे. पण किती आणि कसा, यात सगळी गोम आहे.

जुन्या घरांत झोपायच्या खोलीत झिरोचा बल्ब असायचा. नाव झिरो, पण तो १२ ते १५ वॅट वीज खायचा आणि हाताला चटका बसेल इतका तापायचा. आपल्याला त्याचा उजेड हवा आहे, ताप नको. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा, बॅटरीवर चालणारा, पिवळसर उजेडाचा, पिंजऱ्यापासून चार-पाच फुटांवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, एवढं पुरतं. पक्ष्याला दांडी कुठे आणि गज कुठे इतकंच दिसायला हवं. त्या उजेडात तुम्हाला वर्तमानपत्र वाचता येत असेल तर तो जास्त आहे.

जास्त झाला तर काय बिघडतं? झोप बिघडते. अशा पक्ष्याला दहा-बारा तासांची रात्र लागते. शिवाय पक्ष्याला उजेड केवळ डोळ्यांनीच कळत नाही. त्याच्या मेंदूच्या आतल्या भागात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पातळ कवटीतून उजेड तिथपर्यंत पोचतो. दिवस मोठा झाला, म्हणजे विणीचा हंगाम आला, असा त्या पेशींचा हिशेब. रात्रभर ट्यूबलाइटखाली ठेवलेली मादी अंड्यांवर अंडी घालत राहते, अंगातलं कॅल्शियम संपवते आणि एखादं अंडं अडकून जीव गमावते.

बाजारात आता लाइट गेली की आपोआप लागणारे एलईडी बल्ब मिळतात. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, जिन्यात ते उत्तम. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या घरी आहेत, माझ्याही घरी आहेत. पक्ष्याच्या खोलीत मात्र मला ते पटत नाहीत. रात्री दोनला लाइट गेली की नऊ वॅटचा पांढराफटक उजेड एकदम डोळ्यांवर येतो आणि झोपलेला पक्षी अंधाराने नव्हे, उजेडानेच उडतो. मग तीन-चार तासांनी त्याची बॅटरी संपते आणि पुन्हा एकदम काळोख. एका रात्रीत दोन धक्के. हा बल्ब भिंतीवरचं बटण चालू असेल तरच काम करतो. म्हणून पक्षी झोपले की त्या खोलीतलं बटण बंद करावं आणि बारका दिवा संध्याकाळपासूनच चालू ठेवावा. लाइट गेली काय, आली काय, पक्ष्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. यात ट्यूबचंही बटण आलं. लाइट गेल्यावर ती चालूच राहिली, तर पहाटे तीनला वीज आल्यावर खोली लख्ख होते. याचा त्रास पक्ष्याइतकाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही होतो.

पॉवर बँकेला जोडायचा बारका दिवा स्वस्त आणि सोयीचा आहे. एकच अडचण: बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून स्वतःच बंद पडतात. म्हणून एक रात्र आधी लावून पाहावा. वायर पिंजऱ्याच्या आवाक्यात नको. पोपटाच्या जातीची चोच वायरीचं आवरण सहज सोलते आणि आतल्या डागातलं शिसं पोटात गेलं तर विषबाधा होते. दिवा पिंजऱ्याच्या आत तर कधीच टांगू नये.

आता न लावण्याच्या गोष्टी.

मराठीत चिमणी हा शब्द पाखरालाही आहे आणि रॉकेलच्या दिव्यालाही. दोघींनी एकमेकींजवळ राहू नये हे बरं. कारण पक्ष्याचं फुफ्फुस. आपण श्वास ज्या वाटेने घेतो त्याच वाटेने सोडतो. त्यामुळे दर श्वासाला थोडी शिळी हवा आत राहतेच. पक्ष्याचं तसं नाही. बहुतेक पक्ष्यांच्या फुफ्फुसांना नऊ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्या भात्यासारख्या काम करतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहत ठेवतात. श्वास घेताना ताजी हवा मिळते, सोडतानाही मिळते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदाही आपल्यापेक्षा पातळ. हिवाळ्यात जायकवाडीवर उतरणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, ते याच फुफ्फुसांच्या बळावर. पण जे यंत्र प्राणवायू इतका भरभर ओढतं, ते विषही तितक्याच भरभर ओढतं.

हे माणसाने फार पूर्वी ओळखलं आणि वापरूनही घेतलं. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेक मजूर स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले होते. या वायूला रंग नाही, वास नाही. हॉल्डेनने सुचवलं की खाणीत उतरताना सोबत छोटा प्राणी न्यावा, कारण तो माणसाच्या आधी कोसळतो. त्यातून कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून खाणीत जाऊ लागले. पक्षी दांडीवरून पडला की मजूर मागे फिरायचे. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी शेवटी हटले ते १९८६ साली, इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर. कॅनरी हा बजरीगरपेक्षाही लहान पक्षी. तेव्हा बंद खोलीत चिमणी लावून शेजारी पिंजरा ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते लक्षात यावं.

मेणबत्तीचा धूर चिमणीपेक्षा कमी, पण पक्ष्याने पंख फडफडवले की ज्योत हलते, आणि पिंजऱ्यावर आपणच फडकं टाकलेलं असतं, खाली वर्तमानपत्र. पिसांचा भुगा वेगळाच. सुगंधी मेणबत्ती आणि धूप तर नकोच. पंखा बंद पडला म्हणून डास चावतात, म्हणून कॉइल लावली जाते. एक कॉइल पूर्ण जळाली तर तिच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, पोरांवरही टाका. जनरेटर असेल तर तो खिडकीपासून लांब, उघड्यावर. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि आम्लाचे बारीक तुषारही उडतात. पिंजऱ्याची जागा तिच्याजवळ नव्हे.

जाता जाता चिमणीविषयी माणसांचा डॉक्टर म्हणून एक गोष्ट. सरकारी रुग्णालयाच्या जळीत विभागात काम केलेल्या कुणालाही कलंडलेल्या चिमणीची ओळख करून द्यावी लागत नाही. बाटलीला भोक पाडून वात घातलेली ती चिमणी, नायलॉनची साडी, आणि रांगणारं मूल. श्रीलंकेतले शल्यविशारद डॉ. विजय गोडाकुंबुरा असेच रुग्ण पाहून पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक बुटकी, जड काचेची, दोन बाजूंनी सपाट, घट्ट फिरकीच्या झाकणाची चिमणी तयार केली. ती सहजी कलंडत नाही, कलंडली तर घरंगळत नाही, तेल सांडत नाही. १९९८ साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. ज्या घरात अजून चिमणीच आहे तिथे तशी चिमणी हवी. पण आता शे-दोनशे रुपयांत बॅटरीचा दिवा येतो, तर ज्योतीची गरजच राहू नये.

इथवर पाळलेल्या पाखरांचं झालं. चौसाळ्याच्या आसपास मात्र पिंजऱ्यापेक्षा खोक्यातली पिल्लं जास्त. शंभर-दोनशे कोंबडीची पिल्लं आणून परसात किंवा शेडात वाढवायची, हा अनेकांचा जोडधंदा आहे. आणि तिथे दिव्याचा सगळा हिशेब उलटा होतो.

पिल्लांच्या वरचा बल्ब उजेडासाठी नसतो, उबेसाठी असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना त्यांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. वीज वाचवणाऱ्यांच्या दृष्टीने ते पाप, पिल्लांच्या दृष्टीने तीच आई. आता ते बल्ब मिळेनासे झाले म्हणून कुणी तिथे एलईडी लावतो. उजेड तितकाच, पिल्लं खाताना दिसतात, पण ऊब नाही. पहाटे गारठ्याने ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. लाइट गेल्यावर बॅटरीचा एलईडी लावून निश्चिंत झोपणाऱ्याचंही हेच होतं. आधी पिल्लांकडे पाहावं. दाटीवाटीने गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकडतंय. एप्रिल-मेच्या रात्री आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो, तेव्हा लाइट गेली तर बारक्या दिव्याने आणि उघड्या खिडकीने काम भागतं. खरा प्रश्न डिसेंबर-जानेवारीचा.

त्यावर धूर नसलेला उपाय म्हणजे गरम पाणी. कळशीत किंवा जाड बाटल्यांत कढत पाणी भरून, घट्ट झाकून, गोणपाटात गुंडाळून खोक्याच्या मधोमध ठेवायचं, दर दीड-दोन तासांनी बदलायचं. खोक्यावर गोधडी टाकायची, पण हवेला चार बोटं फट ठेवून. झोपमोड होते, मान्य. घरची खुडूक कोंबडी पिल्लांवर बसलेली असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, तिच्या पोटाखाली लोडशेडिंग नसतं.

बहुतेक जण मात्र शेगडी ठेवतात. एका जानेवारीत पहाटे नवरा, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा असे तिघे आमच्याकडे आले. डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या, मुलगा गुंगीत. रात्रीच्या जेवणातून काही झालं असावं, असं त्यांचं म्हणणं. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. बाई रडत म्हणाल्या, ‘‘आजचा दिवसच वाईट, रात्रीतून निम्मी पिल्लंही मेली.’’ पिल्लं कुठे होती? त्याच खोलीत. लाइट नव्हती म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन, दार-खिडकी बंद करून सगळे झोपले होते. हॉल्डेनला जे कॅनरीने सांगितलं असतं, ते आम्हाला त्या पिल्लांनी सांगितलं. तिघांना प्राणवायू लावला, दुपारपर्यंत तिघेही बसून चहा पीत होते.

करोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. असं रक्तही लालभडक दिसतं, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्यातला आणि प्राणवायू भरलेल्या रक्तातला फरक कळत नाही. माणूस आतून गुदमरत असतो, यंत्र ९८ दाखवतं. बंद खोलीत काहीतरी जळत होतं आणि एकाहून जास्त जणांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, एवढं पुरे आहे. सगळ्यांना उघड्यावर आणा, शेगडी बाहेर काढा, १०८ ला फोन करा आणि ‘खोलीत शेगडी होती’ हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. गरोदर बाई असेल तर ती बरी दिसत असली तरी तिला रुग्णालयात आणा, पोटातल्या बाळाला जास्त धोका असतो.

राहिला पिल्लांच्या घाबरण्याचा प्रश्न. पहिल्या दिवसापासून चोवीस तास उजेडात वाढलेली पिल्लं पहिल्यांदा काळोख झाला की कोपऱ्यात धावतात आणि ढिगारा करतात. मग ऊब असूनही खालची मरतात. जाणते कुक्कुटपालक त्यासाठी पहिल्या आठवड्यापासूनच रोज एक तास दिवा मुद्दाम बंद करतात, ऊब मात्र दुसऱ्या मार्गाने चालू ठेवून. शक्यतो संध्याकाळी, आपण जागे असताना, पिल्लांचं पोट भरलेलं असताना. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, तेव्हा जवळ उभं राहून कोपऱ्यात गोळा झालेली पिल्लं हाताने अलगद पसरावीत. कोपऱ्यात पुठ्ठा गोल वाकवून लावला तर दाटी करायला जागाच उरत नाही. चार-पाच दिवसांत ती दिवा गेला की जागच्या जागी बसायला शिकतात.